वजनाआड दडलेला घोडा

घोड्यांच्या हर्डल शर्यतीतला अडथळा फार उंच नसतो. जेमतेम साडेतीन फूट. परंपरेने लाकडी चौकटीत फांद्या विणलेले हे कुंपणाचे तुकडे इंग्लंडमधल्या मेंढवाड्यांच्या कुडावरून आलेले आहेत. ते जमिनीत किंचित तिरके रोवतात आणि पायाचा धक्का बसला की ते कलतात. चेस शर्यतीतले अडथळे किमान साडेचार फुटांचे आणि भरीव असतात. तिथली चूक महागात पडते. हर्डलवर चुकलेला घोडा बहुतेक वेळा सावरतो, पण दोन-तीन लांबी गमावतो; एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाइतके अंतर. ब्रिटन आणि आयर्लंडमधली हर्डल शर्यत किमान दोन मैलांची, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास असते आणि लांब शर्यती तीन मैलांच्या पुढे जातात. उडीपेक्षा वेगाला आणि दमाला इथे अधिक किंमत आहे. त्यामुळे सपाट शर्यतींतून आलेले घोडे, चेसकडे निघालेले तरणे घोडे आणि हर्डलवरच कारकीर्द काढलेले मुरलेले घोडे एकाच शर्यतीत येतात. त्यांची तुलना करणे हाच या विषयातला कूट प्रश्न आहे.

हँडिकॅप शर्यतीत तो आणखी बिकट होतो, कारण तिथे घोड्यांमधला फरक मुद्दाम पुसायचा असतो. प्रत्येक घोड्याला त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून एक रेटिंग मिळते आणि रेटिंगचा एक अंक म्हणजे पाठीवरचे एक पौंड वजन. शर्यतीतल्या सर्वोत्तम घोड्याचे रेटिंग १४५ असून त्याला १२ स्टोन, म्हणजे १६८ पौंड मिळाले असतील, तर १२५ रेटिंगच्या घोड्याला वीस पौंड कमी, म्हणजे १४८ पौंड वाहावे लागतात. किलोत सांगायचे तर एकाच्या पाठीवर ७६, दुसऱ्याच्या पाठीवर ६७. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरले तर उरलेली तूट खोगिराखालच्या कापडाच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालून भरतात. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची आहे. तिथेही रेटिंगप्रमाणे वजन मिळते, फक्त हिशेब किलोत आणि शर्यत सपाट.

ही वजने ठरवणारा अधिकारी म्हणजे हँडिकॅपर. सगळे घोडे एका रेषेत शेवटाला पोहोचावेत हा त्याचा आदर्श आणि तसे कधीच होत नाही. एकोणिसाव्या शतकात हेन्री रूस या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने या कामाला शिस्त लावली. १८५५ पासून ते सार्वजनिक हँडिकॅपर होते आणि कोणत्या वयाच्या घोड्याला कोणत्या महिन्यात किती सवलत द्यावी याचे त्यांनी बांधलेले कोष्टक आजच्या कोष्टकांचा पाया आहे. ब्रिटनमध्ये आता ही रेटिंग्ज दर मंगळवारी नव्याने जाहीर होतात. जिंकलेल्याचे वाढते, हरलेल्याचे सावकाश उतरते.

रेटिंग बसवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय त्यातली फट सापडत नाही. दोन-तीन मैलांच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे साधारण एक पौंड असे धरतात. पाच घोड्यांची शर्यत झाली, सगळ्यांच्या पाठीवर सारखे वजन होते आणि तिसरा आलेला घोडा ११२ रेटिंगचा, दर वेळी तसाच धावणारा असला, तर तो खुंटी ठरतो. त्याच्या अकरा लांबी पुढे आलेला विजेता १२३ च्या आसपास बसतो. पण खुंटीच हलली असेल तर? त्या दिवशी तो तिसरा घोडा कंटाळून धावला असेल, किंवा जमीन त्याच्या पायाला मानवली नसेल, तर विजेत्याचे १२३ फुगलेले असते. उलट विजेत्याने शेवटच्या फर्लांगात लगाम आवरून घेतला असेल, तर अकराचे अंतर वीसही होऊ शकले असते. हँडिकॅपर अशा वेळी अंदाजाने काही पौंड चढवतो. म्हणजे रेटिंगच्या आकड्यात मोजमाप आणि मत दोन्ही मिसळलेले असतात. अभ्यास करणाऱ्याने पहिल्यांदा हे दोन वेगळे करावे लागतात: घोड्याचा आकडा कोणत्या शर्यतीवरून आला, त्या शर्यतीतली खुंटी कोण होती आणि तिथून बाहेर पडलेल्या घोड्यांनी पुढे काय केले. मागाहून जिंकणारे घोडे ज्या शर्यतीतून सातत्याने निघतात, तिथला सहावा घोडासुद्धा लक्षात ठेवण्याजोगा असतो.

हँडिकॅपर मागे पाहतो आणि ट्रेनर पुढे पाहतो. मोठ्या हँडिकॅपांचा इतिहास म्हणजे या दोन नजरांची ओढाताण आहे आणि ती सर्वांत उघडपणे दिसली ती श्वेप्स गोल्ड ट्रॉफीत. ही दोन मैलांची हँडिकॅप हर्डल १९६३ मध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी स्टॅन मेलर या आघाडीच्या जॉकीचा घोडा पडला आणि त्याच्या चेहऱ्याचा-जबड्याचा चुराडा झाला. पुढल्या वर्षी शर्यत न्यूबरीला गेली आणि तिथेच रुजली. पहिल्या पाचांपैकी चार शर्यती एकाच ट्रेनरने, रायन प्राइसने, जिंकल्या आणि चारही वेळा घोड्यावर जॉश गिफर्डच होता. १९६३ आणि १९६४ मध्ये रॉसिथ, १९६६ मध्ये ल व्हेर्मोंत्वा, १९६७ मध्ये हिल हाउस.

रॉसिथच्या दुसऱ्या विजयानंतर अधिकाऱ्यांनी त्याच्या आधीच्या फिक्या धावा आणि ही धाव शेजारी ठेवून पाहिल्या. प्राइसचा परवाना काही काळासाठी काढून घेतला गेला, गिफर्डवर बंदी आली. हिल हाउसने बारा लांबींनी शर्यत मारली तेव्हा आधीच्या धावेची आठवण असलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चौकशीत घोड्याच्या तपासणीत कॉर्टिसोल सापडले आणि प्रकरण उत्तेजकापर्यंत गेले. महिनोन्महिने चाचण्या झाल्यावर निष्पन्न झाले ते असे, की हा घोडा स्वतःच्या शरीरातच इतके कॉर्टिसोल तयार करतो. प्राइस निर्दोष सुटले. रॉसिथचा निकाल एका बाजूला आणि हिल हाउसचा दुसऱ्या बाजूला. पण दोन्हींतून एकच गोष्ट उरते. घोड्याची गेली धाव आणि उद्याची धाव यांत मोठे अंतर असू शकते आणि ते कशामुळे पडले हे बाहेरून ओळखणे अवघड असते.

जॉकीने घोडा जाणून खेचणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी शिक्षा होतात. पण दोन मैलांना जलद असलेला घोडा तीन मैलांवर उतरवणे, कोरडी जमीन मागणाऱ्याला चिखलात पळवणे, आजारातून उठलेल्याला अर्ध्या तयारीत धाववणे यांतले काहीही नियमाबाहेरचे नाही. घोडा हरतो, रेटिंग दोन-चार पौंडांनी घसरते, मग योग्य अंतर, योग्य जमीन आणि पूर्ण तयारी एकाच दिवशी जुळवली जाते. त्यामुळे हँडिकॅपमधल्या घोड्याच्या शेवटच्या तीन निकालांतले आकडे, सातवा, नववा, अकरावा, हे स्वतः होऊन फारसे काही सांगत नाहीत. तो कोणत्या परिस्थितीत सातवा आला ते पाहावे लागते. याला शर्यतीचे चित्रीकरण पुन्हा पाहण्यावाचून इलाज नाही. उपान्त्य अडथळ्यापाशी जॉकीचे हात स्थिर असून समोर वाट बंद होती का; वळणावर घोडा बाहेर फेकला गेला का; चूक एकदाच झाली की प्रत्येक हर्डलवर तो डावीकडे सरकत होता; शेवटच्या चढावर पुढचे थकले म्हणून तो जवळ आला की खरेच वेग वाढवून आला. या शेवटच्या फरकात पुष्कळ लोक फसतात. थकलेल्यांना ओलांडणे डोळ्यांना सुखावते. घड्याळात ते अनेकदा सामान्य निघते.

हँडिकॅपरला सर्वांत कमी दिसतो तो कमी धावलेला घोडा. स्टेट मॅन हे याचे अलीकडचे ठळक उदाहरण. आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांचा हा घोडा डिसेंबर २०२१ मध्ये लेपर्ड्सटाउनला पडला, फेब्रुवारीत लिमरिकला एक नवोदितांची शर्यत जिंकला आणि मार्च २०२२ मध्ये चेल्टनहॅम महोत्सवातल्या काउंटी हर्डलमध्ये १४१ रेटिंगवर उतरला. तो जिंकला आणि २०२४ मध्ये त्याने चॅम्पियन हर्डल मारली, जिथे रेटिंगप्रमाणे वजन दिले जात नाही. हर्डलमधल्या सर्वोच्च दर्जाचा हा घोडा त्या दिवशी मधल्या फळीतल्या वजनावर उभा होता. मोठ्या हँडिकॅपांसाठी किमान धावांची अट पुढे कडक झाली, ती अशाच घोड्यांमुळे. म्हणून रेटिंगकडे पाहताना ते किती धावांवर उभे आहे हेही पाहावे लागते. तीन धावांवरचे १३५ आणि तीस धावांवरचे १३५ दिसायला सारखे असतात. दुसऱ्यात अनपेक्षित फारसे काही उरलेले नसते. पहिला कदाचित १२५ चा असेल, कदाचित १५५ चा.

सुधारणेची इतरही दारे आहेत. ट्रेनर बदलणे हे सर्वांत मोठे. मेक अ स्टँड हा घोडा मार्टिन पाइप यांनी लेस्टरच्या एका खालच्या दर्जाच्या शर्यतीतून अवघ्या ८,००० पौंडांना उचलला. १९९७ च्या जानेवारीत त्याने केम्प्टनची लँझरोट हर्डल मारली, फेब्रुवारीत न्यूबरीची तीच जुनी श्वेप्स, जी तोवर टोट गोल्ड ट्रॉफी झाली होती, आणि मार्चमध्ये चॅम्पियन हर्डल. पहिल्यापासून पुढे राहून धावणाऱ्या या घोड्याला हँडिकॅपर वजन चढवत गेला, पण घोडा त्याच्याही पुढे चढत होता. श्वसनमार्गाची शस्त्रक्रिया हे दुसरे दार. ब्रिटनमध्ये २०१८ पासून अशी शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याची नोंद शर्यतीच्या यादीत करावी लागते. पहिल्यांदाच डोळ्यांना झापडे किंवा कानांवर टोपडे लावणे, अंतर वाढवणे, खच्ची करणे ही आणखी काही. या प्रत्येक खुणेला बाजारात आता भाव चढलेला असतो. खूण सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यातला नफा थोडा उरतो.

आयरिश घोड्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. तिथली रेटिंग्ज तिथला हँडिकॅपर ठरवतो आणि घोडा इंग्लंडला आला की ब्रिटिश हँडिकॅपर त्याला स्वतःच्या मापात बसवतो, बहुधा काही पौंड चढवून. ट्रेनर त्यावर दर मार्चला कुरकुरतात. पण २०२१ च्या चेल्टनहॅम महोत्सवात २८ पैकी २३ शर्यती आयर्लंडने नेल्या, तेव्हा कुरकुरीची दिशा उलटी झाली: ब्रिटनमधल्या घोड्यांची रेटिंग्जच फुगलेली आहेत अशी ओरड सुरू झाली आणि ती उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले. दोन देशांतले आकडे एकाच फुटपट्टीचे मानू नयेत, एवढे त्यातून पक्के होते.

वजने जाहीर होण्याची तारीखही हिशेबात येते. मोठ्या शर्यतीची वजने आधी जाहीर होतात. मधल्या दिवसांत एखादा घोडा दुसरीकडे जिंकला, तर त्याला ठरावीक जादा वजन, बहुधा पाच पौंड, वाहावे लागते. पण त्या विजयाची खरी किंमत हँडिकॅपरच्या मते नऊ पौंड असेल तर? नवे रेटिंग पुढच्या शर्यतींना लागू होते, या शर्यतीत घोडा चार पौंड फायद्यात राहतो. सॅन्डाउनची इम्पिरिअल कप ही हर्डल चेल्टनहॅमच्या तोंडावर होते आणि ती जिंकून लगेच महोत्सवातही जिंकणाऱ्या घोड्याला प्रायोजक बक्षीस ठेवत. १९९३ मध्ये ऑलिम्पियनने, १९९८ मध्ये ब्लोइंग विंडने आणि २००७ मध्ये गॅस्परा या घोडीने ते साधले. पहिले दोन मार्टिन पाइप यांचे, तिसरी त्यांच्या मुलाची, डेव्हिड यांची. बुकमेकरच्या घरात वाढलेल्या माणसाला अशी फट आधी दिसावी यात नवल नाही.

वजनाबद्दल एक समज जुना आणि हट्टी आहे: जड वजनाचा घोडा मोठ्या हँडिकॅपात जिंकत नाही. १९६८ मध्ये पाच वर्षांच्या पर्शियन वॉरने ११ स्टोन १३ पौंड वाहून श्वेप्स मारली आणि त्याच वर्षापासून सलग तीन चॅम्पियन हर्डल जिंकल्या. २०१७ च्या काउंटी हर्डलमध्ये मलिन्स यांचा आर्क्टिक फायर १५८ रेटिंगवर सर्वाधिक वजन घेऊन, चौदा महिन्यांनी मैदानात उतरून जिंकला. जड वजन म्हणजे शिक्षा असे वाटते खरे, पण ते दर्जाचे प्रमाणपत्रही आहे. वरच्या वजनाचे घोडे शर्यतीत मोजकेच असतात, म्हणून त्यांचे विजयही मोजके दिसतात. संख्येच्या प्रमाणात पाहिले की समज सैल होतो. शिकाऊ जॉकीची सवलत हा वजनाचाच दुसरा पैलू. कमी विजय मिळवलेल्या जॉकीला सात, मग पाच, मग तीन पौंड माफ होतात. खरोखर गुणी शिकाऊ मुलाचे सात पौंड म्हणजे कागदावर सात लांबी. सवलत कौशल्याच्या आधी संपू नये यासाठी ट्रेनर अशा मुलांना मोठ्या शर्यतींसाठी जपून वापरतात.

मैदान आणि जमीन यांवर इंग्रजी पुस्तकांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. थोडक्यात सांगण्यासारखे ते असे. केम्प्टन सपाट आणि उजवीकडे वळणारे, तिथे चपळाई चालते. न्यूबरी लांबरुंद, डावीकडे वळणारे, तिथे मोठ्या ढांगेच्या घोड्याला मोकळीक मिळते. चेल्टनहॅमचा शेवट चढाचा आणि तिथल्या नव्या ट्रॅकवर अखेरच्या टप्प्यात हर्डल्स विरळ असतात. सफाईदार उडीचा फायदा तिथे आटतो आणि दमाचा वाढतो. जमिनीच्या बाबतीत इंग्लंडचा हिवाळा निर्णायक ठरतो. ओल्या, जड जमिनीत दोन मैलांची शर्यत अडीच मैलांसारखी थकवते आणि घोड्यांमधली अंतरे ताणली जातात. म्हणून चिखलात वीस लांबींनी जिंकलेल्याचे वीस पौंड धरायचे नसतात.

वेगाचे गणित त्याहून महत्त्वाचे आणि दुर्लक्षित आहे. बावीस घोड्यांत पुढे राहून धावणारे पाच असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्यांचे फावते. असा घोडा एकच असेल, तर त्याला हवा तसा वेग धरता येतो आणि मागचे अडकतात. शर्यतीच्या यादीवरून, प्रत्येकाच्या आधीच्या धावा पाहून, हे आदल्या दिवशीच बरेचसे ओळखता येते. गर्दीच्या शर्यतीत मागे राहणाऱ्या घोड्याला वाट मिळेलच असे नाही. समोरचा एक पडला तरी तीन जणांची लय तुटते.

एवढे सगळे तोलून झाल्यावर उरते ते शक्यतेला आकडा देणे. वीस घोडे अगदी सारखे असते तर प्रत्येकाची शक्यता पाच टक्के, म्हणजे न्याय्य भाव १९/१. बुकमेकर सर्वांना १५/१ देऊ लागला, तर प्रत्येकी सव्वासहा टक्के, एकूण १२५. वरचे पंचवीस टक्के हा त्याचा गाळा. तेव्हा एखाद्या घोड्याची शक्यता नऊ टक्के वाटत असेल, तर साधारण १०/१ हा त्याचा न्याय्य भाव. बाजारात १६/१ मिळत असेल तर तो घोडा पाहण्याजोगा, ८/१ असेल तर जिंकण्याची शक्यता तीच राहूनही सोडून देण्याजोगा. उत्तम घोडा आणि उत्तम भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुष्कळांना वर्षानुवर्षे पटत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्येच दाखवले, की लोक दुबळ्या घोड्यांवर प्रमाणाबाहेर आणि फेव्हरिटवर प्रमाणापेक्षा कमी पैसे लावतात. मोठ्या हँडिकॅपात हा मोह आणखी वाढतो, कारण अधूनमधून तो खरा ठरतो. २०२१ मध्ये चेल्टनहॅमची चार वर्षांच्या घोड्यांची हँडिकॅप हर्डल ८०/१ भावाच्या जेफ किडरने जिंकली. असा एक निकाल शंभर हरलेल्या तिकिटांना झाकून टाकतो.

मोठ्या संख्येच्या हँडिकॅपात प्लेसचा हिशेब वेगळा करावा लागतो. सोळा किंवा अधिक घोडे असतील तर पहिल्या चारांपर्यंत पैसे मिळतात, जिंकण्याच्या भावाच्या पाव दराने. १६/१ च्या घोड्यावर दहा पौंड विनला आणि दहा प्लेसला लावले आणि तो तिसरा आला, तर विनचे दहा जातात, प्लेसचे चाळीस आणि मूळ दहा हाती येतात. वीस घालून पन्नास. भरवशाचा पण क्वचित जिंकणारा, दर वेळी तिसरा-चौथा येणारा घोडा या हिशेबात भाव खातो. मात्र आठ ते पंधरा घोडे उरले की जागा तीनच होतात. सोळाची यादी असलेल्या शर्यतीतून सकाळी एक घोडा लंगडला, किंवा रात्रीच्या पावसाने जमीन जड झाली म्हणून मागे घेतला गेला, की चौथा क्रमांक निरुपयोगी ठरतो. मागे घेतलेला घोडा लहान भावाचा असेल तर उरलेल्यांवर आधी लावलेल्या पैशांच्या नफ्यातून ठरलेली कपातही होते. १४/१ पेक्षा मोठ्या भावाचा असेल तर होत नाही. म्हणून जाणकार आकडेमोड आदल्या रात्री पुरी करतात आणि सकाळी आधी जमिनीचा अहवाल आणि गाळलेल्या घोड्यांची यादी वाचून त्यात दुरुस्ती करतात.